साताऱ्याचं स्थळ

"गुरुवार चांगला आहे," मामा म्हणाले. "फक्त दुपारी दीडच्या आत उरकायचं. पुढे राहूकाळ लागतो."

पंचांग मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोर चहाचा कप. एखाद्याला वाटलं असतं वास्तुशांत चालली आहे. चालली होती माझ्या गर्भपिशवीची. ती गुरुवारी काढायची होती आणि तिचा मुहूर्त माझे सासरे काढत होते.

आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा साखर कारखान्यात टाइमकीपर होते. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण घरात कोण किती वाजता उठलं, कोण किती मिनिटं उशिरा जेवायला बसलं, ह्याची हजेरी त्यांनी सोडली नव्हती.

"आणि काल संध्याकाळी मी वाठारकर डॉक्टराला सांगून आलोय," मामा पुढे म्हणाले. "खोली वरच्या मजल्यावरची, खिडकीजवळची. वारा चांगला येतो."

"मला विचारलं नाहीत," मी म्हणाले.

"खिडकी नको का तुला?"

आत्या कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. थोरली बारावीला, धाकटा नववीत. आमच्या महिला मंडळाने फलटणमध्ये आरोग्य शिबिर घेतलं होतं आणि तपासणीला एकही बाई पुढे येईना. अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, "कुंदाताई, तुम्ही आधी जा, म्हणजे बाकीच्या जातील." मी गेले. माझ्यामागून सतरा जणी गेल्या. सतराच्या सतरा नॉर्मल निघाल्या आणि माझ्या कागदावर इंग्रजीत दोन ओळी जास्त आल्या.

तो कागद घेऊन मी आणि मामा वाठारकर डॉक्टरांकडे गेलो. वाठारकर म्हणजे मामांचे शाळेपासूनचे दोस्त. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केलेली. माणूस इतका प्रेमळ की दवाखान्यात शिरताना पेशंटचं निम्मं दुखणं पायरीवरच राही. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "पेशी बिघडल्यात. कॅन्सर नाही हां, घाबरू नकोस. पण त्याच्या आधीची पायरी आहे. पिशवी काढून टाकू, कटकट मिटली."

"दुसरं काही करता येत नाही का?"

"मुलं किती तुला?"

"तुम्हाला माहीत आहे की. दोन."

"मग झालं तर. आता तिचं काय काम आहे?"

"बरोबर आहे," शेजारच्या खुर्चीवरून मामा म्हणाले.

त्या 'काय काम आहे'ने माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोर बसलेल्या दोघा सत्तरीच्या म्हाताऱ्यांच्या पोटात अपेंडिक्सपासून काय काय होतं, त्यातल्या कशाचं काय काम आहे असं कुणी विचारलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली भीती होती. कॅन्सर हा शब्द एकदा कानात गेला की बाहेर निघत नाही. नाही म्हटलं आणि उद्या खरंच झाला तर? पोरं उघडी पडतील. हो म्हटलं आणि काढायची गरजच नसली तर? ते मला कधी कळणारसुद्धा नव्हतं. माझी पाचावर धारण बसली होती आणि घरात सगळे खिडकीबद्दल बोलत होते.

ह्यांना विचारलं. हे म्हणजे माझे यजमान, डेअरीत सुपरवायझर. म्हणाले, "डॉक्टरांना कळतं. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

"गेल्या वर्षी म्हैस घेतली तेव्हा तीन गावच्या माणसांना दाखवून आणलीत."

"म्हैस घेतली की परत करता येत नाही," हे म्हणाले.

"आणि पिशवी परत येते का?"

हे डेअरीत निघून गेले. त्या दिवशी सुट्टी होती.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. मी वधूवर सूचक मंडळ चालवते. पुढच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि सहाशे मुलामुलींच्या माहितीच्या फायली. लोक समजतात, मी लग्नं जुळवते. लग्नं कुणीही जुळवतं. मी चौकशी करते. मुलाच्या घरी न सांगता जाते. त्याच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन बसते. आणि मुलगा कसा आहे असं कधीच विचारत नाही, कारण त्याला उत्तर एकच येतं, "चांगला आहे." मी विचारते, "तुमची मुलगी द्याल का त्या घरात?" मग माणूस जो थांबतो ना, त्या थांबण्यात सगळी माहिती असते.

दुसऱ्याच्या पोरीसाठी मी दहा ठिकाणी विचारते. माझ्या स्वतःच्या पोटासाठी एका ठिकाणी विचारलं होतं, तेही सासऱ्यांच्या दोस्ताला. हे लक्षात आलं तेव्हा मी भाजी चिरत होते. विळी मिटून उठले आणि सरकारी दवाखान्यातल्या ललिता सिस्टरकडे गेले. तिचं लग्न मीच जमवलेलं.

"तुझ्या सख्ख्या बहिणीचा असा रिपोर्ट आला तर तिला कुठे नेशील?" मी विचारलं.

ललिताने कागद वाचला. मग दार लोटून घेतलं.

"साताऱ्याला. बागवान मॅडमकडे."

"आणि आपले वाठारकर डॉक्टर?"

"देवमाणूस. बाळंतपणाला त्यांच्यासारखे कुणी नाही."

"मी बाळंतपणाचं विचारत नाहीये."

"म्हणूनच साताऱ्याला म्हणतेय," ललिता म्हणाली आणि चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.

पण मामांना सांगायचं कसं? वाठारकरांवर शंका घेणं म्हणजे मामांच्या पन्नास वर्षांच्या दोस्तीवर शंका घेणं. तेव्हा मी मला येतं ते केलं. सोमवारी रात्री जेवताना सांगितलं, "उद्या साताऱ्याला एक स्थळ बघायला जाते. काळुख्यांच्या मुलीसाठी."

"तीन दिवसांवर ऑपरेशन आलंय आणि स्थळं कसली बघतेस?" मामा म्हणाले. "मुलगा काय करतो?"

"डॉक्टर आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी पण येते," आत्या म्हणाल्या.

सगळे आत्यांकडे बघायला लागले. गुडघ्यांमुळे आत्या गेली चार वर्षं रामाच्या देवळापलीकडे गेल्या नव्हत्या.

"तुम्ही कशाला? गाडीत दोन तास बसायचं," मी म्हणाले.

"पोहे खायला," आत्या म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

एसटीत आत्यांनी खिडकी पकडली आणि कोरेगावपर्यंत एक अवाक्षर काढलं नाही. मी आपली मनात योजना करत होते. स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "आत्या, तुम्ही तुमच्या मावसबहिणीकडे बसा जरा, गोडोलीला. मी तासाभरात त्या मुलाची चौकशी करून येते."

"ती दोन वर्षांपूर्वी गेली."

"अगंबाई, हो का?"

"तेराव्याला तू तीन बुंदीचे लाडू खाल्लेस. रिक्षा कर. पोवई नाक्याजवळ आहे ना तो दवाखाना?"

मी नुसती उभी राहिले. स्टँडवर माणसं मला चुकवून पुढे जात होती.

"पत्त्याची चिठ्ठी तू पंचांगात ठेवलीस," आत्या म्हणाल्या. "आपल्या घरात पंचांग कोण उघडतं? मी काढून घेतली म्हणून वाचलीस. लोकांच्या घरातलं सगळं शोधतेस आणि स्वतःचं लपवता येत नाही तुला."

दवाखाना लहानसा होता, पहिल्या मजल्यावर. आत्यांना बाहेर बाकावर बसवून मी आत गेले. बागवान मॅडम पस्तीसच्या आसपासच्या, बारीक, केस मागे घट्ट बांधलेले. आवाज असा की शेजारच्या खोलीतल्या बाईलाही आपला आजार कळावा.

"काय त्रास?"

इथे माझा धंदा आडवा आला. चौकशीचा माझा एक नियम आहे, एकाने काय सांगितलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. आधीच सांगितलं तर माणूस त्याचीच री ओढतो, नाहीतर मुद्दाम उलटं बोलतो. कोरं मत हवं असेल तर कोरंच जायला हवं. म्हणून मी रिपोर्ट घरीच ठेवून आले होते, वरांच्या फायलीत, 'पदवीधर, बागायतदार' ह्या कप्प्यात.

"काही नाही," मी म्हणाले. "सहज. तपासून घ्यावं म्हटलं."

"फलटणहून सहज?"

"एसटी सरळ आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग तपासलं. मी छताकडे बघत पडले होते आणि सवयीने विचारून बसले, "तुमचं लग्न झालंय का हो?"

"झालंय. दोन मुली आहेत. पाय सैल सोडा." मग हातमोजे काढत म्हणाल्या, "वरून तर सगळं ठीक दिसतंय. पेशींची, म्हणजे पॅपची तपासणी कधी केली होती?"

"दोन महिन्यांपूर्वी."

"काय आलं?"

नियम म्हणजे नियम. "ठीक आलं," मी म्हणाले.

"मग छान. वर्षाने या."

काय सांगू, मी त्या पायऱ्या उतरले की तरंगले! माझा जीव भांड्यात पडला. बाकावर आत्यांशेजारी बसले आणि म्हणाले, "आत्या, काही नाही मला. सगळं ठीक आहे म्हणाल्या. वाठारकरांचं काहीतरी चुकलं."

"रिपोर्ट बघून म्हणाली?"

"रिपोर्ट दाखवला नाही मी. मुद्दामच. कोरं मत..."

"मग ती काय भविष्य बघते?"

"तुम्हाला आमच्या धंद्यातलं कळायचं नाही, आत्या."

आत्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचा डबा काढला, पाण्याची बाटली काढली, आणि तळातून घडी केलेला माझा रिपोर्ट काढला. त्याला टाचणीने एका बागायतदाराचा फोटो अडकलेला होता. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, आणि नंबर नसताना, आतल्या पेशंटला "जरा सरक गं बाई" म्हणत सरळ मॅडमच्या टेबलापाशी गेल्या. मी मागून धावले.

"ही खोटं बोलली तुमच्याशी," आत्या म्हणाल्या. "माझी सून आहे. मनाने चांगली आहे."

मॅडमनी फोटो बाजूला काढला आणि कागद वाचला. चेहरा बदलला.

"तुम्ही माझी परीक्षा घेत होतात?"

"चौकशी करत होते," मी म्हणाले.

"हे डोळ्यांना दिसत नाही. ते दिसत नाही म्हणून तर पॅप करतात. तुम्ही मला नॉर्मल आली म्हणून सांगितलंत आणि मी तुम्हाला वर्षाने बोलावलं. तुम्ही वर्षाने आला असता, नाहीतर आलाच नसता." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तुमच्या सासूबाई नसत्या तर काय झालं असतं?"

मी पुन्हा तपासणीच्या टेबलावर चढताना आत्यांनी हात धरला आणि तो मी सोडला नाही.

ह्या वेळी दुर्बिणीसारखं एक यंत्र आणलं. शेजारी टीव्हीसारखा पडदा. मॅडमनी आत काहीतरी लावलं आणि खोलीभर वास सुटला.

"चायनीजच्या गाडीवर येतो तो वास," मी म्हणाले.

"व्हिनेगरसारखंच असतं ते. बिघडलेल्या पेशी त्याने पांढऱ्या दिसतात. आजी, बघायचंय का?"

आत्यांनी चष्मा पदराला पुसला आणि पडद्याजवळ गेल्या. खूप वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे एवढंच? दह्याची कवडी लागल्यागत दिसतंय."

"एवढंच दिसतंय. पण तुकडा काढून तपासायला पाठवते, मग नक्की सांगते. वरच्या थरापुरतं असेल तर तारेच्या लूपने तेवढाच भाग काढायचा. वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी."

"आणि अख्खी पिशवी?"

"कधीकधी काढावी लागते, आजी. काही बायकांना ते टळत नाही. पण आधी तपासायचं, मग ठरवायचं."

आत्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं.

तपासणीचं उत्तर दहा दिवसांनी मिळणार होतं आणि गुरुवार परवावर आला होता. येताना एसटीत मी डोकं धरून बसले. मामांना सांगणार काय? आत्या म्हणाल्या, "ते माझ्याकडे लागलं."

घरी आलो तेव्हा मामा ओसरीवर पेपर वाचत होते. आत्या चपला काढता काढता म्हणाल्या, "गुरुवारचं पुढे ढकलायला सांगा वाठारकरांना. कुंदाची पाळी आलीय."

मामांनी पेपर असा वर धरला की त्यांचं टक्कलसुद्धा दिसेना. पेपरच्या मागून आवाज आला, "बरं बरं." तो विषय तिथेच संपला. माझी पाळी त्या खेपेला तीन आठवडे चालली, पण टाइमकीपर असूनही मामांनी एकदाही दिवस मोजले नाहीत.

दहा दिवसांनी आम्ही दोघी पुन्हा साताऱ्याला निघालो.

"अजून ते स्थळ पटेना का?" मामांनी विचारलं.

"मुलगा बघितला. आता घर बघायचंय," आत्या म्हणाल्या. त्यांना हे काम माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

तुकड्यात कॅन्सर नव्हता. बिघाड वरच्या थरापुरता होता. मॅडमनी त्याच दिवशी लूपने तेवढा भाग काढला. मी जागी होते, सुई टोचली तेवढंच कळलं. आत्या बाहेर बाकावर बसून शेजारच्या बाईला रिपोर्ट आणला आहेस का, खोटं बोलू नकोस, असं बजावत होत्या. संध्याकाळच्या एसटीने आम्ही घरी आलो आणि मी सांगितलं की प्रवासाने कंबर धरली आहे.

मग तिसरी खेप. काढलेल्या भागाचं उत्तर आणायला.

"आता काय राहिलं?" मामा म्हणाले. "साखरपुडाच करून या."

मॅडमनी कागद माझ्यासमोर सरकवला. "कडा स्वच्छ आहेत. बिघडलेलं सगळं निघालं. दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, त्यात टाळाटाळ नको. पिशवीला हात लावायचं काही कारण नाही."

मला रडू फुटलं. इतके दिवस थट्टा करत, खोटं बोलत, चटणीभाकरी बांधून प्रवास करत मी ते मागे ढकललं होतं, ते सगळं त्या खुर्चीत बसून बाहेर आलं. मॅडमनी पाण्याचा पेला दिला. मी डोळे पुसले, कागद घेतला आणि उठले. आत्या उठल्या नाहीत.

"माझं एक विचारायचं होतं," आत्या म्हणाल्या.

"विचारा ना, आजी."

"माझी काढली. अठ्ठाविसाव्या वर्षी."

मी पुन्हा खाली बसले. लग्न होऊन एकोणीस वर्षं मी त्या घरात होते. लोकांच्या तीन पिढ्यांची माहिती काढणारी बाई मी, आणि हे मला माहीत नव्हतं. आमचे हे एकुलते एक. त्यांच्या पाठीवर कुणी का नाही म्हणून मी एकदा विचारलं होतं, तर आत्या म्हणाल्या होत्या, देवाने एकच दिला.

"कशासाठी काढली?" मॅडमनी विचारलं.

"अंगावरून पांढरं जायचं. कंबर दुखायची."

"आणखी काही?"

"नाही."

"काय तपासलं होतं?"

"हाताने बघितलं वाठारकरांनी. तेव्हा त्यांनी नवीनच दवाखाना काढला होता गावात. म्हणाले, पिशवी खराब आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल. हे घाबरले. वारंवार म्हणायचे, मला आणखी मूल नको, तू हवीस. मग काढली." आत्या पदराचं टोक सरळ करत होत्या. "काढायला हवी होती का?"

मॅडम लगेच बोलल्या नाहीत. हे थांबणं मला ओळखता येतं.

"मी तेव्हा तुम्हाला बघितलेलं नाही, आजी. कागदही नाहीत."

"खरं सांगा. आता मला काय व्हायचंय?"

"तुम्ही सांगताय तेवढंच असेल," मॅडम सावकाश म्हणाल्या, "तर गोळ्यांनी बरं झालं असतं."

"किती दिवसांच्या?"

"दहा-पंधरा."

"बरं," आत्या म्हणाल्या. त्यांनी मॅडमच्या हातावर हात ठेवला, जसं काही वाईट बातमी मॅडमनाच कळली होती, आणि उठल्या.

एसटीत त्यांनी खिडकी मला दिली. कोरेगाव गेल्यावर म्हणाल्या, "मला मुलगी हवी होती. नाव ठरवलं होतं."

"काय नाव?"

"ते राहू दे."

मग बऱ्याच वेळाने, "तुझ्या मामांना सांगू नकोस. ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर स्वयंपाक त्यांनी केला होता. कामावर जायच्या आधी. कारखान्यातले हसायचे त्यांना. करपायचं सगळं, पण मला उठू द्यायचे नाहीत."

त्या संध्याकाळी मी मामांना माझं सगळं सांगितलं. स्थळ नव्हतं, दवाखाना होता, यंत्र होतं, लूप होता, पिशवी काढायची गरज नाही. वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. मामा नुसते ऐकत होते. पंचांग मांडीवरच होतं, ते त्यांनी मिटलं.

"म्हणजे वाठारकर चुकला."

"त्यांच्याकडे ते यंत्र नाही, मामा."

"यंत्र नाही हे ठीक. दुसऱ्याला दाखवा म्हणायला काय लागतं?" मग ते थांबले. आत्या ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. मामा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. "मग तेव्हा... तुझं..."

मामांना वाक्य अर्धं सोडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आत्यांनी मागे वळून बघितलं नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि तिला पाणी लावलं.

"माझं विचारलं मी त्या डॉक्टरीणबाईंना," त्या म्हणाल्या. "माझं वेगळं होतं. म्हणाल्या, तेव्हा काढली नसती तर मी वर्षभरसुद्धा काढलं नसतं. तुमच्यामुळे जगले म्हणाल्या."

"असं म्हणाल्या?"

"मग काय मी खोटं सांगते? कुंदा होती की तिथे. विचारा तिला."

मामांनी माझ्याकडे बघितलं. कुणी खोटं बोललं की मला ते ऐकू येतं, आणि त्यावरच माझं दुकान चालतं.

"हो मामा," मी म्हणाले. "माझ्यासमोरच म्हणाल्या."

मामा उठले, मोरीत गेले आणि हात धुवायला लागले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आत्यांनी भाकरी उलटली आणि मला ताटं घ्यायला सांगितलं.

मामा गेल्या चैत्रात गेले. म्हणून आता सांगितलं.